काळ्या काचेमागे

घर विकायचं ठरलं तेव्हा प्रतापरावांना वाटलं होतं, पुस्तकांचं काय करायचं हाच सगळ्यात अवघड प्रश्न असणार. तसं झालं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातले जुने सहकारी येऊन बरीचशी पुस्तकं घेऊन गेले, उरलेली खोक्यांत बसली. अवघड होऊन बसलं ते एका काचेच्या तुकड्यावरून.

त्याचं असं झालं. त्यांच्या ॲन आर्बरच्या घरात जिन्यालगतच्या भिंतीवर एक फोटो होता. त्र्याहत्तर सालचा. विद्यापीठाच्या आर्बोरेटममधलं, म्हणजे सगळं गाव ज्याला नुसतं 'आर्ब' म्हणतं तिथलं, ओकचं मोठं झाड आणि त्याखाली पंचविशीतली सुलेखा. झाडाचं पान न् पान पांढरंशुभ्र, आकाश जवळजवळ काळं. सुलेखाची गडद निळी नायलॉनची साडीसुद्धा फिकट राखाडी आलेली आणि चेहरा आतून दिवा लावल्यासारखा. नवीन कुणी घरी आलं की जिन्यापाशी थबकायचंच.

"काकू, एवढ्या बर्फात नुसती साडी?"

"बर्फ कुठला! जून महिना होता," सुलेखा म्हणायची आणि मग पदर सावरून गोष्ट सांगायला लागायची. मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना ती पाठ झाली होती.

"हे दहा दिवसांच्या रजेवर पुण्याला आले, मुलगी बघितली, लग्न केलं आणि परत आले. मी मेमध्ये इथे पोचले. महिनाभरात हे माझ्याशी काय बोलले असतील, सांगा बरं? 'चहा घेणार का' आणि 'बाहेर गार आहे'. संपलं! मी ठरवून टाकलं होतं, शिकागोच्या दादाला फोन करायचा आणि म्हणायचं, माझं तिकीट काढ. त्याच रविवारी ह्यांनी मला आर्बमध्ये नेलं, झाडाखाली उभं केलं आणि कॅमेऱ्यातून बघायला लागले. बघताहेत, बघताहेत, डोकं काही वर निघेना! मी म्हटलं, ह्या माणसाला बोलता येत नाही, पण बघता येतंय. मग राहिले."

ऐकणाऱ्या बायका प्रतापरावांकडे वळून हसायच्या. प्रतापराव पाणी आणायला म्हणून आत जायचे. सगळ्यांना वाटायचं, लाजले. लाजायचे तर खरेच. नाव प्रताप असूनही जन्मात त्यांनी कुठे आवाज चढवला नव्हता. स्वतःच्या कुठल्याही मतावर त्यांचा दिवसभर टिकेल इतका विश्वास नसे. पण आत जाण्याचं कारण वेगळं होतं.

तो फोटो इन्फ्रारेड फिल्मवर काढलेला होता. उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारा असा एक उजेड असतो. हिरवी पानं तो जोरात परतवतात आणि ही फिल्म तो टिपते, म्हणून पानं पांढरी येतात. मात्र साधा, दिसणारा उजेड आधी अडवावा लागतो. त्यासाठी भिंगापुढे एक गोल काच लावतात, तव्यासारखी काळी. आपण कॅमेऱ्यात बघतो ते त्याच भिंगातून, त्यामुळे काच चढली की आपल्याला मिट्ट काळोखाशिवाय काही दिसत नाही. आधी सगळं नीट जुळवून घ्यायचं, मग काच फिरवून बसवायची आणि बटण दाबायचं. त्या दिवशी प्रतापरावांनी नजर झाडाच्या सालीवर ठेवून सगळं जुळवलं होतं आणि काच बसवली होती. पुढे सुलेखाला ज्या बघण्याने बांधून ठेवलं, ते सगळं त्या काळोखातलं होतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सुलेखाने ती गोष्ट चारचौघांत सांगितली तेव्हा सांगायला हवं होतं, असं त्यांना पुष्कळदा वाटे. पण तेव्हा त्यांची मुलगी नीना कडेवर होती, सुलेखा हसत होती आणि तिकिटाचं त्यांनाही त्याच वेळी पहिल्यांदा कळत होतं. त्यानंतर वेळ निघून गेली ती गेलीच.

आता दोन हजार आठचा जून चालू होता. ऑगस्टमध्ये दूर दक्षिणेत अल्फारेटाला राहायला जायचं होतं, नीनाच्या घराजवळ. एका सकाळी खोकी बांधता बांधता सुलेखा म्हणाली, "अहो, जायच्या आधी तोच फोटो परत काढायचा. तेच झाड, तीच मी. कॅमेरा आहे ना तुमचा?"

कॅमेरा होता. फिल्म बनवणाऱ्या कंपनीने ती बंद केल्याचं जाहीर केलं होतं, पण गावातल्या कॅमेऱ्याच्या जुन्या दुकानात फ्रीजमध्ये थोडे रोल उरले होते. त्यातला एक त्यांनी आणला. काच मात्र त्या वेळी वनस्पतिशास्त्र विभागातल्या एका संशोधकाची उसनी होती, ती तेव्हाच परत गेली होती.

"काच नवी घ्यावी लागेल," प्रतापराव म्हणाले आणि म्हणता म्हणताच ही काच तिच्या हातात जाणार हे त्यांच्या लक्षात आलं. सुलेखा घरात आलेली कुठलीही नवी वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघितल्याशिवाय राहायची नाही. काळी काच हातात धरली की पुढचं समजायला तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी सवयीप्रमाणे वाचन सुरू केलं. जुनी फोटोग्राफीची पुस्तकं पुन्हा खोक्यांतून निघाली. कॉम्प्युटरवर लोकांच्या चर्चा वाचून झाल्या. त्यातून एवढं समजलं, की पर्याय तीन. एक जर्मन बनावटीची काळी काच, उत्तम आणि भलती महाग. दुसरी जपानी, तीही काळीच, पण बरीच स्वस्त. शिवाय त्यांच्या भिंगाचं तोंड लहान, म्हणजे आणखी स्वस्त. आणि तिसरी साधी गडद लाल काच, कुठेही मिळणारी. तिने पानं थोडी कमी पांढरी येतात. पण लाल काचेतून दिसतं. सगळं लाल दिसतं, पण दिसतं.

प्रतापराव आयुष्यात क्वचितच लबाडी करत, आणि करत तेव्हा ती फार अभ्यास करून करत. संध्याकाळी जेवताना त्यांनी सुलेखाला फक्त जर्मन काचेची किंमत सांगितली.

सुलेखाचा घास हातातच राहिला. "काचेच्या तुकड्याला? एवढ्यात नवा मायक्रोवेव्ह येतो!"

"म्हणूनच म्हणतो, लाल घ्यावी. बहुतेक लोक लालच वापरतात."

"पण तेव्हाची लाल होती का?"

"तेव्हाची... जरा जास्त गडद होती."

"बघा बाई. तुम्हाला समजतं त्यातलं," असं म्हणून तिने वरण वाढलं. प्रतापरावांना त्या रात्री छान झोप लागली.

पण दुसऱ्या दिवशी शैलेंद्र आला. शैलेंद्र मूळचा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्यांची पुस्तकांची दोन रिकामी कपाटं न्यायला आला होता. भिंतीवरचा फोटो बघून त्याने विचारायचं ते विचारलंच आणि सुलेखाने सांगायचं ते सांगितलंच. शेवटी ती म्हणाली, "पुन्हा काढायचा होता तसाच. पण ती काच केवढी महाग! म्हणून लालवर भागवतोय."

"काकू, फोटोशॉपमध्ये मी पानं पांढरी करून देतो ना! दोन मिनिटांचं काम."

"पानं पांढरी करशील रे. मला कोण उभं करणार तुझ्या फोटोशॉपमध्ये?"

"हो, ते पण आहे," शैलेंद्र हसला. "पण काका, ती एवढी महाग नसते यार. माझा रूममेट करायचा इन्फ्रारेड. जपानी घ्या ना, ब्लॅकवाली. आपल्या गावातल्या दुकानात सेकंडहँड पडली असते. मी फोन करून विचारू का? थांबा, विचारतोच."

"नको, नको, उगाच कशाला त्रास," प्रतापराव म्हणाले. तोवर त्याने फोन कानाला लावला होता.

दुकानात काच होती. कुणीतरी कॉलेज सोडताना विकून गेलं होतं. किंमत ऐकून सुलेखाने नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी आपला चष्मा काढून पुसायला घेतला.

"अहो, लालच्या जवळपासच आहे की! तुम्ही पण ना. एवढी पुस्तकं वाचलीत आणि फोन नाही केलात कुणाला." मग शैलेंद्रकडे वळून, "ह्यांना पहिल्यापासून असंच आहे बघ. माणसाला विचारण्यापेक्षा पुस्तकाला विचारतील."

संध्याकाळी नीनाचा फोन आला, तिलाही बातमी गेली. "बाबा, जस्ट गेट इट," ती म्हणाली. "आय वाँट बोथ पिक्चर्स साइड बाय साइड. इट्स द होल रीझन आय एक्झिस्ट, राइट?"

प्रतापरावांनी "हो, हो" म्हणून फोन सुलेखाकडे दिला. त्यांच्या मनात आलं, आत्ता सांगून टाकावं. दुकानदाराकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं. वाक्य त्यांनी मनात तीन-चार प्रकारे जुळवून पाहिलं. प्रत्येक वेळी ते सुलेखाच्या गोष्टीच्या मधोमध जाऊन आदळायचं आणि त्यापुढे तिचा चेहरा कसा होईल ते त्यांना बघवेना. फोनवर ती खळखळून हसत होती. त्यांनी वाक्य सोडून दिलं.

दुकान जुनंच होतं, मालकही तसाच. पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला, हसतमुख गोरा. त्याने काच पुसून काउंटरवरच्या मखमलीवर ठेवली. प्रतापराव आपला कॅमेरा बाजूला ठेवून हात पुढे करणार तोच सुलेखाने ती उचलली. तिने आधी ती उलटी करून बघितली. मग खिडकीकडे वळून, डॉक्टर एक्स-रे बघतात तशी, उजेडासमोर धरली. मग डोळ्याला लावली.

"ह्यातून काहीच दिसत नाही," ती इंग्रजीत मालकाला म्हणाली. "खराब झालीय का?"

"अगदी नवीन असल्यासारखी आहे, मॅडम," तो म्हणाला. "ती असतेच तशी. आधी फोटो जुळवायचा आणि मग ही बसवायची. एकदा बसवली की कॅमेऱ्यामागचा माणूस आंधळा!" आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला.

"नेहमीच? सगळ्यांत?"

"ह्यांच्यासारखा कॅमेरा असेल तर, नेहमीच."

"पूर्वीही? म्हणजे, त्र्याहत्तरच्या सुमारास?"

"ऊन तेव्हाही हेच होतं," तो म्हणाला.

सुलेखाने काच हळूच मखमलीवर ठेवली. प्रतापराव काउंटरच्या काचेखाली मांडलेल्या कॅमेऱ्यांच्या जुन्या पट्ट्यांकडे एकटक बघत होते. तिने पर्समधून पैसे काढले, चार डॉलर कमी करा म्हणाली, त्याने केले. एरवी गाडीत ती प्रत्येक सिग्नलला "हळू, हळू" म्हणत असे. आज प्रतापराव एका पिवळ्या दिव्यातून सरळ गाडी काढून गेले, तरी ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर काय करावं ते त्यांना सुचेना. जे ठरलं आहे ते करत राहावं, असं वाटून ते म्हणाले, "फिल्म भरून घेतो."

ही फिल्म भरायची म्हणजे एक सोहळाच असतो. साधा रोल उजेडात भरता येतो. हिच्या डबीच्या फटीतूनही उजेड आत शिरतो, म्हणून संपूर्ण अंधार लागतो. प्रतापराव दाराजवळच्या कोटांच्या कपाटात शिरले, दार ओढून घेतलं, खालच्या फटीला टॉवेल लावला आणि हिवाळी कोटांच्या मधे छोट्या स्टुलावर बसले. लोकर आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. बोटांनी चाचपत त्यांनी डबी उघडली, रोल काढला, फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या खाचेत सरकवायला लागले.

दाराबाहेर पावलं थांबली.

"अहो."

"अं?"

"मग तुम्ही बघत काय होतात?"

फिल्मचं टोक खाचेतून निसटलं. "दार उघडू नकोस हं," ते घाईने म्हणाले. "फिल्म बाहेर आहे."

"उघडत नाही. पण उत्तर द्या. एवढा वेळ डोळा लावून काय बघत होतात?"

काळोखात त्यांना आपलीच बोटं दिसत नव्हती. तेवढ्याच आधारावर बहुधा, शब्द बाहेर आले.

"काही नाही. काहीच दिसत नव्हतं."

"मग डोकं का नाही काढलंत वर?"

"वर काढलं असतं तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं."

मग सुलेखा म्हणाली, "आणि मी तिकडे पोट आत ओढून उभी! डोळ्याला ऊन लागत होतं, मुंगी चढत होती पायावर, तरी हलले नाही. म्हटलं, बघताहेत तर बघू देत."

प्रतापरावांना हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तिच्या आवाजात हसू नव्हतं.

"फोन करायचा होता हो मला दादाला," ती म्हणाली. "त्याच दिवशी. मी कशावर राहिले, सांगा ना."

पावलं दूर गेल्यासारखी वाटली. गेली की काय ते नक्की कळेना. कोटांमुळे आवाज दबत होता. प्रतापरावांनी पुन्हा फिल्मचं टोक शोधलं, खाचेत बसवलं, कॅमेरा बंद केला. आता दार उघडायला हरकत नव्हती. पण ते तसेच बसून राहिले आणि समोरच्या कोटाला सांगावं तसं बोलायला लागले.

"नंतर बघितलं मी. नंतर पुष्कळ बघितलं. तू गाडी शिकत होतीस ना, त्या ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये. मी समोर लाँड्रीत कपडे लावून बसायचो. काचेतून दिसायचीस. रिव्हर्स घेताना जीभ बाहेर काढायचीस, आणि गाडी रेषेत बसली की इकडे तिकडे बघायचीस, कुणी बघितलं का म्हणून. मी बघितलेलं असायचं. तुला कधी बोललो नाही. कपडे वाळले तरी मशीनमध्ये परत नाणी टाकायचो." ते थांबले. "आता हे बोलून काय उपयोग, ते मला समजत नाही. तुझी गोष्ट खोटी झाली ती झालीच. पण माझी तिथून सुरू झाली. आर्बमधून नाही."

थोड्या वेळाने त्यांनी टॉवेल काढला आणि दार ढकललं. उजेडाने डोळे दिपले. समोर जिन्याच्या खालच्या पायरीवर सुलेखा बसली होती आणि बुटांच्या नाड्या बांधत होती. साडी तिने केव्हा नेसली होती कोण जाणे. निळी नव्हे, खोक्यात वरच सापडलेली कुठलीतरी हिरवट सुती.

"ऊन आहे तोवर जाऊन येऊ," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. तिने ऐकलं होतं की नव्हतं, ते त्यांना विचारवलं नाही.

आर्बमध्ये पिअनी फुलांचा बहर ओसरत आला होता, तरी बघायला बरीच माणसं आली होती. फुलांच्या बाजूने उतरून दोघं झाडापाशी आली. झाड होतं तिथेच होतं, पण एक मोठी फांदी कधीतरी कापलेली दिसत होती. सुलेखा खोडाजवळ जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिने ते मागे घेतले, मग पुढे आणले. तेव्हा कुठे ठेवले होते ते दोघांनाही आठवत असणार.

प्रतापरावांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा बसवला. सवयीने त्यांची नजर खोडाच्या सालीवर गेली. साल स्पष्ट झाली. त्यांनी खिशातून काच काढली.

"ती काय करताय?"

"लावतोय. मग दिसणार नाही, पण तू हललीस तरी चालेल, फोटो पटकन होतो—"

"ठेवा ती खिशात."

"मग पानं पांढरी नाही येणार, सुलेखा. सगळं साधंच येईल."

"पानांचं मला सांगू नका," ती म्हणाली. "जन्मभर मी लोकांना सांगत आले. आज ते करून दाखवा. बघा माझ्याकडे."

प्रतापरावांनी काच खिशात टाकली. ते वाकले आणि डोळा लावला.

त्यांनी भिंग सालीवरून हलवलं. एक क्षण सगळं धूसर झालं, मग सुलेखा आली. कपाळावर उन्हाचा एक कवडसा हलत होता. डाव्या भुवईचे केस विरळ झाले होते. गळ्यापाशी दोन आडव्या रेषा होत्या, त्यातली खालची त्यांनी कधी बघितलीच नव्हती. ओठ घट्ट मिटलेले. ती अजून रागावलेली होती, ते अगदी साफ दिसत होतं, आणि डोळे थेट भिंगात होते. प्रतापरावांचे कान तापले. मान वर काढावी, काहीतरी निमित्त करावं, ऊन गेलं म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी तो परत कॅमेऱ्यावर आणला.

मागून एक जोडपं कुत्रा घेऊन गेलं. कुत्र्याने तिकाटण्याचा वास घेतला. सुलेखाची नजर क्षणभर तिकडे गेली, परत आली. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले, ओठ सुटले, आणि तिने कसंनुसं होऊन पदर ओढून घेतला. ती लाजत होती.

"अहो," ती म्हणाली, "झालं की नाही?"

"अजून नाही," प्रतापराव म्हणाले.